बाळाला ताप आलाय, तो दातांचाच का? घरी पडताळून पाहण्याची पद्धत

बाळ पाच-सहा महिन्यांचं झालं, लाळ गळायला लागली, हाताला लागेल ते तोंडात जायला लागलं की घरात एक वाक्य ठरलेलं असतं: "दात येतायत." एवढ्यावर थांबलं तर काहीच हरकत नाही. पण त्याच सुमारास ताप आला, जुलाब लागले, खोकला झाला तरी तेच वाक्य पुढे केलं जातं आणि डॉक्टरांकडे जायला दोन-तीन दिवस उशीर होतो. मी मुलुंडला पाळणाघर चालवते. पहिला दात येण्याच्या वयाची बाळं माझ्याकडे कायम असतात, त्यामुळे हा उशीर मी फार जवळून पाहते. तापलेलं बाळ मांडीवर असताना काय, कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे लिहिते आहे.

आधी उत्तर सांगते. दात येताना बाळाचं अंग किंचित गरम लागू शकतं. पण खरा ताप, म्हणजे १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) किंवा त्याहून जास्त, दातांमुळे येतो असं मानायला आधार नाही. अमेरिकेत क्लीव्हलँड इथे १२५ बाळांच्या पालकांनी कित्येक महिने रोज दोनदा तापमान आणि बारीकसारीक लक्षणं लिहून ठेवली होती. तो अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दात वर येण्याच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, एवढ्या काळात लाळ, चावणं, हिरड्या चोळणं, चिडचिड, चेहऱ्यावर पुरळ, कान चोळणं आणि घट्ट खाणं नको म्हणणं हे वाढलेलं दिसलं. तापमानही थोडंसं वर गेलं. मात्र जोराचा ताप, खोकला, उलट्या, पातळ शी यांचा दाताशी संबंध लागला नाही. दूध कमी पिणं हेसुद्धा दातांच्या लक्षणांत बसलं नाही. खिमटी नको पण दूध चालतं, हे दातांचं असू शकतं. दूधच नको असेल, तर दुसरं काहीतरी आहे असं समजा.

मग इतक्या आज्यांना, इतक्या आयांना "दात आला की ताप येतोच" असं का वाटतं? त्यांनी पाहिलेलं खोटं नसतं. दोन्ही गोष्टी एकाच वयात घडतात, एवढंच. आईकडून पोटात असताना मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्यं सहाव्या महिन्याच्या आसपास बरीच कमी होतात. त्याच वेळी उष्टावण होतं, वरचं पाणी आणि वरचं अन्न सुरू होतं. बाळ पालथं पडतं, सरकतं, रांगतं आणि फरशीवरचं सगळं तोंडात घालतं. मुंबईत यात आणखी एक भर पडते. २०१७ पासून नोकरदार आईला २६ आठवड्यांची प्रसूतीची रजा मिळते. त्यातली थोडी बाळंतपणाआधीच संपते. म्हणजे पाचव्या-सहाव्या महिन्यात आई पुन्हा लोकल धरते आणि बाळ पाळणाघरात येतं, जिथे दहा मुलांच्या दहा सर्द्या असतात. पहिले दोन-तीन महिने नवीन बाळ सारखं आजारी पडतं, आणि खालचे दोन दातही नेमके तेव्हाच डोकावतात.

थोडा हिशेबही करून पाहा. दुधाचे दात २०. प्रत्येकाचे वर सांगितलेले आठ दिवस धरले तर १६० दिवस होतात. काही दात जोडीने येतात म्हणून त्यातले थोडे वजा करा. तरी सहा महिने ते अडीच वर्षं या काळात कुठलाही आजार काढला तरी आगेमागे एखादा दात सापडतोच.

पायरी पहिली: हात लावून ठरवू नका, मोजा

कपाळाला हात लावून "तापलंय" म्हणणं मुंबईच्या दमट हवेत तर अगदीच बेभरवशाचं. दुपट्यात गुंडाळलेलं, आत्ताच रडून थांबलेलं किंवा नुकतंच अंघोळ झालेलं बाळ गरम लागतंच. साधा डिजिटल थर्मामीटर घरात ठेवा. पाऱ्याचा काचेचा असेल तर तो बाळासाठी वापरू नका, फुटला तर काचही आणि पाराही.

बाळाचे जास्तीचे कपडे काढा, पंधरा मिनिटं थांबा. काखेतला घाम पुसून कोरडं करा. थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध कातडीला टेकवा, मध्ये झबलं यायला नको, आणि बाळाचा दंड अंगाशी धरून ठेवा. बीप वाजेपर्यंत सोडू नका. आकडा फॅरनहाइटचा आहे की सेल्सिअसचा, तेही बघा. काखेतलं तापमान शरीराच्या आतल्यापेक्षा थोडं कमी दाखवतं. म्हणून ९९.५ च्या पुढे गेलं की अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, आणि १००.४ किंवा त्यावर असेल तर तो ताप. आकडा आणि वेळ लगेच मोबाइलमध्ये लिहून ठेवा. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.

पायरी दुसरी: तोंडात बघा

हात साबणाने धुवा, नखं कापलेली असू द्या. बाळाला मांडीवर उताणं घ्या, डोकं तुमच्या पोटाकडे आणि पाय समोर, म्हणजे वरून तोंडात नीट दिसतं. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरा, डोळ्यांवर नको. आता बोट हिरडीवरून हळूच फिरवा. दात येत असेल त्या जागी हिरडी थोडी सुजलेली, ताणलेली आणि खाली टणक लागते. कधी पांढरी कड दिसते. कधी निळसर फुगा दिसतो आणि घाबरायला होतं. तो दाताभोवतीच्या द्रवाचा फुगा असतो, बहुतेक वेळा दात आला की आपोआप जातो. तो टोचून फोडायला जाऊ नका.

हे पाहताना दुसरीही एक गोष्ट बघायची असते. गालाच्या आत, जिभेवर, टाळ्याला बारीक फोड किंवा जखमा आहेत का? सगळ्याच हिरड्या लालभडक, सुजलेल्या आणि हात लावताच रक्त येणाऱ्या आहेत का? तसं असेल तर तो दात नाही, तोंडातला विषाणूचा संसर्ग असण्याची शक्यता मोठी. त्यातही लाळ खूप गळते आणि बाळ काही तोंडात घेत नाही, म्हणून लोक हमखास फसतात. पावसाळ्यात तर हात-पाय-तोंडाच्या आजाराची साथ असते, तेव्हा तळहात-तळपायही उघडून बघा.

लाळेबद्दल एक सांगायचं राहिलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लाळ वाढते ती लाळग्रंथी कामाला लागल्यामुळे, आणि बाळाला अजून ती गिळता येत नाही म्हणून. नुसती लाळ म्हणजे दात नव्हे.

पायरी तिसरी: बाकीचं बाळ बघा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. दात दिसला तरी ही चुकवू नका, कारण दात आणि आजार दोन्ही एकदम असू शकतात.

श्वास मोजा. बाळ शांत असताना झबलं वर करून पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजायची. दोन महिने ते एक वर्ष या वयात मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि एक वर्षानंतर ४० किंवा जास्त श्वास म्हणजे धाप. बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर थांबायचं नाही.

लघवी बघा. सहा-आठ तास लंगोट कोरडा असेल तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी होतंय. टाळू खोल गेलेली, तोंड कोरडं, रडताना डोळ्यांत पाणी नाही, हीही त्याचीच चिन्हं. लघवीला वास येतोय का, करताना रडतं का, हेही लक्षात ठेवा. लहान बाळांत लघवीच्या जागेचा संसर्ग कित्येकदा फक्त तापानेच दिसतो. ना सर्दी, ना खोकला. मुलींमध्ये विशेष.

माझ्याकडे एक आई सकाळी दारात आली. बाळ नऊ महिन्यांचं. "मावशी, वरचे दात येतायत, रात्रभर कुरकुरलीये, जरा बघाल ना?" तिला ठाण्याहून फास्ट पकडायची होती. मी तिथेच उंबऱ्यावर थर्मामीटर लावला, १०२.२. तोंडात बघितलं, वरची हिरडी सपाट, गुलाबी, काहीही नाही. नाक कोरडं, छाती मोकळी. म्हटलं, आज ऑफिसला सुट्टी टाक आणि हिला घेऊन जा, लघवी तपासायला सांग. दुपारी तिचा फोन आला, लघवीत जंतू निघाले होते. औषधाने मुलगी बरी झाली. वरचा दात आला तो महिनाभराने, आणि त्या दिवशी अंग गार होतं.

शी बघा. "दात येताना जुलाब होतातच" हे वाक्य तापाच्या समजुतीपेक्षाही घातक आहे, कारण बाळाच्या अंगातलं पाणी जुलाबाने काही तासांत कमी होऊ शकतं. या वयात जुलाब होतात ते बहुतेक दूषित पाण्याने, न उकळलेल्या बाटलीने किंवा फरशीवरची वस्तू तोंडात गेल्याने. इमारतीच्या टाकीचं किंवा टँकरचं पाणी उकळूनच द्या. जुलाब सुरू झाले की डब्ल्यूएचओ सूत्राचं ओआरएस पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात कालवा. मोठं पाकीट पूर्ण एक लिटरचं असतं, अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकायचं नाही. चमच्या-चमच्याने पाजा, अंगावरचं दूध चालू ठेवा, आणि झिंकचं औषध डॉक्टरांना विचारून १४ दिवस पूर्ण करा.

लसीची तारीखही बघा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते. तिचा ताप, कधी हलकं पुरळही, साधारण आठवड्याने येतो. तोवर घरात लस विसरलेली असते आणि दोष वरच्या दातांवर जातो.

सहा महिने ते दोन वर्षं या वयात एक विषाणूचा ताप असाही असतो, की तीन ते पाच दिवस जोरात चढतो, बाळ त्यामानाने बरं दिसतं, आणि ताप उतरला की अंगावर गुलाबी पुरळ उठतं. मध्येच एखादा दात दिसला की "दात आला, ताप गेला" असं घरात पक्कं होतं.

पायरी चौथी: कधी थांबायचं, कधी निघायचं

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप म्हणजे सरळ रुग्णालय. रात्र असो, पाऊस असो. तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. सहा महिन्यांपुढच्या बाळाला साधी सर्दी असेल, दूध पीत असेल, खेळत असेल तर एखादा दिवस लक्ष ठेवता येतं. चोवीस तासांत ताप गेला नाही किंवा कारणच दिसत नसेल तर दाखवा.

जून ते ऑक्टोबर मी तोही दिवस धरत नाही. मुंबईत तेव्हा मलेरिया आणि डेंग्यू दोन्ही असतात, आणि बाळाला थंडी वाजून हुडहुडी भरेलच असं नाही. महापालिकेच्या दवाखान्यात मलेरियाची रक्ततपासणी मोफत होते. सकाळी आई-बाबांना वेळ नसेल तर आजी-आजोबाही बाळाला घेऊन जाऊ शकतात.

सुस्त, उठवूनही नीट न उठणारं बाळ, दूध सोडलेलं, धाप, निळसर ओठ, फुगलेली टाळू, दाबल्यावरही न मावळणारे लाल-जांभळे ठिपके, सतत उलट्या, शीतून रक्त, किंवा झटका (आकडी) यांपैकी काहीही दिसलं तर वाट बघू नका. झटका आला तर बाळाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन. थांबला तरी लगेच दाखवायचंच. परळचं वाडिया हे खास मुलांचं रुग्णालय आहे. केईएम, सायन, नायर, कूपर इथेही मुलांचा विभाग आहे. पण श्वासाचा त्रास असेल तर लांबच्या नावाजलेल्या ठिकाणी ट्रॅफिकमधून जाण्यापेक्षा जवळचं गाठा.

पायरी पाचवी: तापाचं औषध, मोजून

पॅरासिटामॉल आकड्यासाठी देत नाहीत, बाळाला त्रास होत असेल तर देतात. मात्रा वजनावर ठरते, वयावर नाही: एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन वेळांमध्ये निदान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. तीन महिन्यांच्या आत डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मुळीच नाही.

खरा धोका बाटलीत आहे. थेंबांच्या बाटलीत साधारणपणे १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे थेंबांचे १.२ मिलिलिटर, किंवा १२० च्या सिरपचे ५, किंवा २५० च्या सिरपचे २.४. आता कुणी थेंबांच्या बाटलीतलं औषध "पाच मिली दे" म्हणून चमचाभर दिलं, तर एकदम ५०० मिलिग्रॅम, चौपटीहून जास्त. म्हणून लेबल वाचा, वजन डॉक्टरांकडे नुकतंच केलेलं धरा, आणि औषधासोबत आलेल्या ड्रॉपरनेच द्या, स्वयंपाकघरातल्या चमच्याने नाही.

अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११ पासून बंद आहे, जुनी बाटली कपाटात असेल तर टाकून द्या. आयबुप्रोफेन आणि मेफेनामिक अ‍ॅसिड केमिस्टच्या सांगण्यावरून आणू नका. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पंखा चालू ठेवा, पातळ झबलं घाला. पुसायचंच तर कोमट पाण्याने, बर्फ किंवा कोलन वॉटर नको.

पायरी सहावी: खरंच दात येत असतील तर

ताप नाही, हिरडी फुगली आहे, बाळ चिडचिडं आहे. आता आराम द्यायचा. स्वच्छ बोटाने हिरडी दोन मिनिटं हलक्या दाबाने चोळा, बहुतेक बाळं लगेच निवतात. सुती कापड उकळलेल्या गार पाण्यात भिजवून, पिळून, फ्रिजमध्ये थोडा वेळ ठेवा आणि तुमच्या समोर चावू द्या. फ्रीझरमधलं कडक बर्फासारखं काही नको, हिरडीला इजा होते. चावायची रिंग रबराची, अखंड, आत पाणी किंवा जेल नसलेली घ्या. अंगावर पाजा, कडेवर घ्या. लाळेरं ओलं झालं की बदला, हनुवटी घासू नका, टिपा, आणि थोडं खोबरेल लावा.

खारकेबद्दल सगळेच विचारतात. पूर्वापार देतात हे खरं, पण एक दात आला तरी खारकेचा तुकडा निघू शकतो आणि तो घशात अडकतो. कच्चं गाजर, सुकं खोबरं यांचंही तेच. गळ्यात दोऱ्याने बांधलेलं काहीही झोपताना नको.

हिरडीला लावायच्या बधिर करणाऱ्या जेलपासून लांब राहा. बेंझोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते, दोन वर्षांखाली ते देऊच नये असं अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी बजावलं आहे. लिडोकेनबद्दलही तोच इशारा. दात येण्याच्या गोड पांढऱ्या गोळ्या अनेक घरांत असतात. अमेरिकेत अशा काही गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण कमीजास्त सापडलं आणि लोकांना त्या वापरू नका असं सांगावं लागलं. ब्रिटनमध्ये तर दात येण्याच्या पावडरींत पाऱ्याचं संयुग असायचं. मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलायचे. १९५४ मध्ये ते पावडरींतून काढलं गेलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

आपल्याकडची गोष्ट टाकणखाराची. मधातून टाकणखाराची लाही हिरड्यांना चोळायची पद्धत अजून आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स, बाळाच्या पोटात गेला तर विषारी. मधात बोट्युलिझमचे, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराचे, जंतू असू शकतात, म्हणून एक वर्षापर्यंत मध चाटवायचाही नाही. आजी प्रेमानेच करतात. त्यांना "तुम्हाला काही कळत नाही" म्हणण्यापेक्षा बोटाने हिरडी चोळायचं काम त्यांच्याकडे द्या. त्या ते आपल्याहून चांगलं करतात.

दातांचं वेळापत्रक थोडक्यात: खालचे मधले सहा ते दहा महिने, वरचे मधले आठ ते बारा, पहिल्या दाढा तेरा ते एकोणीस, सुळे सोळा ते तेवीस, शेवटच्या दाढा तेवीस ते तेहेतीस महिने. क्रम बदलला, वरचे आधी आले, तर मामाला काही होत नाही. उशीर म्हणजे कॅल्शियम कमी असंही नाही. वर्षापर्यंत एकही दात नसेल तर पुढच्या भेटीत विचारा, दीड वर्षापर्यंत नसेल तर दंतवैद्यांना दाखवाच. पहिला दात आला की मऊ ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दिवसातून दोनदा. तोंडात बाटली ठेवून झोपवू नका.

शेवटी, बाळ दुसऱ्याच्या हाती देताना काय सांगायचं ते. आजी असोत, शेजारच्या काकू असोत, पाळणाघर असो, रात्री किंवा सकाळी तापाचं औषध दिलं असेल तर लपवू नका. सकाळी साडेसातला डोस दिला की दारात बाळ थंड असतं आणि बारा वाजता पुन्हा तापतं. तेव्हा ते सांभाळणाऱ्या बाईला आधीचा डोस ठाऊक नसेल तर ती दुसरा लवकर देईल, किंवा घाबरून देणारच नाही. एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहा: बाळाचं वजन, शेवटचं तापमान आणि वेळ, कोणतं औषध किती मिली कधी दिलं, आणि ताप १०१ च्या पुढे गेला तर पहिला फोन कुणाला करायचा. फोन उचलणारा माणूस मात्र असा निवडा, जो विरारहून चर्चगेटला जाताना गाडीत अडकलेला नसेल.